नाहीचा रकाना

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुणी बोलायला लागलं की ते काय सांगतंय यापेक्षा कसं सांगतंय याकडे माझं लक्ष जातं. साताऱ्यात आमच्या शेजारच्या काकू "येते हं" म्हणून उठायच्या आणि पुढचा अर्धा तास दारात उभं राहून बोलायच्या. त्या अर्ध्या तासात त्या आणखी किती वेळा "येते" म्हणतात ते मी बोटांवर मोजायची. आई म्हणायची, ही पोरगी माणसं ऐकत नाही, नुसते शब्द ऐकते. मला ते कौतुक वाटायचं. ते कौतुक नव्हतं हे कळायला वयाची तिशी यावी लागली.

लग्न होऊन सांगलीला आले, मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले आणि या खोडीचा मला पगार मिळू लागला. माझ्या मराठीचा मला भारी अभिमान होता. मुलींच्या वह्यांतले चुकलेले अनुस्वार मी तांदळातल्या खड्यांसारखे वेचून काढत असे.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. साताऱ्याची माझी एक वर्गमैत्रीण सांगलीत बाळंतपणाचा दवाखाना चालवत होती. एका शनिवारी, दुपारची शाळा सुटल्यावर, तिनं मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर एक इंग्रजी कागद ठेवला. पुण्याच्या कुठल्याशा परिषदेतून तिनं तो आणला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बायकांचं मन कसं आहे हे काही साध्या प्रश्नांवरून बघता येतं, असं त्यात लिहिलं होतं.

"याच्यावरून आपल्या बायकांसाठी एक कागद तयार कर," ती म्हणाली. "पण तुझ्या मराठीत नको. बायकांच्या मराठीत."

मला राग आला. माझी मराठी कुणाची होती मग?

पण उत्सुकता रागापेक्षा मोठी निघाली. मी तिला विचारलं, बाळंतिणी तर रडतातच, त्यात बघायचं काय? ती म्हणाली, पहिले काही दिवस बहुतेक जणी रडतात आणि सावरतात. काही जणींचं मात्र ते आत मुरत जातं. त्यांना झोप लागत नाही, बाळ आपलं वाटत नाही, जगणं नकोसं होतं. घरचे म्हणतात, सगळं चांगलं झालं तरी हिचं तोंड वाकडंच. "मी टाके बघते, वजन बघते, रक्तदाब बघते," ती म्हणाली. "गेल्या वर्षी एका बाळंतिणीचं सगळं बघितलं मी, फक्त तिचं तोंड बघितलं नाही." एवढं बोलून तिनं तो इंग्रजी कागद माझ्याकडे आणखी सरकवला.

माझा पहिला मसुदा वाचून ती खुर्चीत मागे रेलून हसली. "आपणास औदासीन्य जाणवते का?" असा माझा पहिला प्रश्न होता. मी औदासीन्य काढलं आणि उदास घातलं. हा शब्द कुणालाही कळेल, असं माझं ठाम मत होतं.

दवाखान्यात रोज सकाळी एक मावशी यायची. घरोघरी जाऊन बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं हे तिचं काम. सांगली, माधवनगर, कुपवाड सगळीकडे तिची घरं होती. नवीन कोण बाळंत झालं हे विचारायला ती दवाखान्यात डोकवायची आणि चहा पिऊन जायची. मी प्रश्न तिच्यावरच करून बघितला.

"मावशी, बाळंतिणीला उदास वाटतं का हो कधी?"

"ऊद व्हय?" मावशी म्हणाली. "घालते की रोज. बाळाला न्हाऊ घातलं की ऊद-धुरी पयली."

उदास गेला. मग मी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसू लागले. शाळा दुपारची असल्यामुळे सकाळ मोकळी असायची. बायका एकमेकींना तब्येत कशी विचारतात हे मी कान देऊन ऐकलं आणि मला एक गंमत सापडली. कुणी सरळ "झोप लागते का?" असं विचारतच नव्हतं. माया असली की आपल्या बायका उलट्या बाजूनं विचारतात. "झोप लागत न्हाई व्हय गं?" "जेवाण जात न्हाई का तुला?" त्या 'नाही'मध्येच सगळा कळवळा असतो. मी हरखून गेले. ही खरी बायकांची मराठी.

त्या चालीवर मी सहा प्रश्न केले. बाळ झोपल्यावरही झोप लागत नाही का? जेवण जात नाही का? कुणाशी बोलावंसं वाटत नाही का? बाळाला घ्यावंसं वाटत नाही का? उगीच रडू येतं का? आणि शेवटचा, जीव नकोसा वाटतो का? पुढे दोन रकाने, होय आणि नाही. होय म्हणजे त्रास आहे, नाही म्हणजे नाही. तीन किंवा जास्त होय आले की डॉक्टरबाईनं त्या बाईशी स्वतः बोलायचं. गरोदर बायकांसाठी बाळाचा प्रश्न वगळून असाच दुसरा कागद केला. मैत्रिणीनं वाचून माझ्या पाठीवर थाप मारली.

कागद भरायचं काम सिस्टरकडे होतं. सव्वा महिन्यानं बाळंतीण दाखवायला आली की तिला सिस्टर भराभर प्रश्न विचारायची आणि खुणा करायची. शनिवारी मी सगळे कागद घेऊन बसायची.

पहिल्या दोन महिन्यांत मोठी गंमत झाली. ज्यांचे चार-चार होय आले त्या बायकांना डॉक्टरबाई एकेक करून बोलावून घेऊ लागली आणि त्या सगळ्या गालांवर तेज घेऊन, हसत, मांडीवर बाळ खेळवत येऊ लागल्या. एक तर म्हणाली, "झोप लय येती बगा डॉक्टरबाई, तेवडीच तक्रार हाय." मैत्रीण मला म्हणाली, तुझा कागद जरा जास्तच तिखट झालाय. मी म्हटलं, कागद बरोबर आहे, बायका लपवत असतील. माझा स्वतःवर इतका विश्वास होता की समोर बसून हसणारी बाई मला खोटी वाटली, कागद खोटा वाटला नाही.

आणि एक कागद मात्र इतका स्वच्छ आला होता की मी तो नमुना म्हणून वेगळा ठेवला. सहाच्या सहा उत्तरं 'नाही'.

ती माधवनगरची मुलगी होती. जेमतेम विशीची. वडील गिरणीत कामाला होते. नवरा मिलिटरीत, सासर कोयनानगरला धरणाच्या कॉलनीत. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. मुलगा झालेला, वजन उत्तम. त्या दिवशी मी बाकावरच होते म्हणून मला तिची आई आठवते. सगळ्यांना ऐकू जाईल असं ती सांगत होती, "काय सुदिक तरास न्हाई आमच्या पोरीचा. उलट सारकी म्हणती, कवा एकदा सासरी जाते. हितं मनच न्हाई तिचं." बाकावरच्या बायका हसल्या. मुलगीही हसली असावी असं मला वाटलं. खरं म्हणजे मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. मी "कवा" आणि "हितं" ऐकत होते.

त्यानंतर महिनाभरानं एका सकाळी मी मावशीजवळ बसले होते. माझा जुना प्रश्न अजून सुटला नव्हता. बाळंतिणीचं मन बिघडलं तर तुम्ही लोक काय म्हणता, असं मी तिला परत विचारलं.

"म्हणत काय न्हाई," मावशी बशीत चहा ओतत म्हणाली. "कळतं. बाळंतीण पाटावर न्हायाला बसली आन भाईर बाळ रडलं, का तिची मान वळती. डोळ्यांत शिकेकाई गेली आसली तरी वळती. म्हशीची सुदिक वळती, आपण तर माणूस. न्हाई वळली की मी वळकते."

"आणि मग काय करता?"

"काय करनार? जरा जास्त येळ पाणी वतते." बशी खाली ठेवून ती म्हणाली, "आता माधवनगरची ती मिल्ट्रीवाल्याची बायकू. आडीच म्हैनं झालं मी जाते. येकदा बी मान वळली न्हाई. आन ऐतवारी निघाली सासरला."

मी म्हटलं, शक्य नाही. तिचा कागद माझ्याकडे आहे, सगळा चांगला आहे. मावशीनं माझ्याकडे बघितलं आणि पिशवी उचलून निघून गेली. तो गुरुवार होता.

शाळेत गेले तरी मला ती मान सुटेना. मावशी चुकते की कागद चुकतो? कागद कसा चुकेल? सवयीनं मी गृहपाठ तपासू लागले. मधल्या रांगेतल्या एका मुलीची वही कोरी होती.

"गृहपाठ केला नाहीस का?"

"नाही, बाई," ती मान खाली घालून म्हणाली.

मी रागवायला तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिले. तिच्या नाहीचा अर्थ मला लगेच कळला होता. केला नाही. अख्ख्या महाराष्ट्रात कुणालाही कळला असता. मग "झोप लागत नाही का?" याला "नाही" असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ काय?

झोप लागत नाही.

आणि जिला छान झोप लागते ती काय म्हणणार? लागती की. सिस्टर त्याची खूण कुठे करणार? होयमध्ये. त्या हसऱ्या, गुबगुबीत, चार होय मिळवणाऱ्या बायका माझ्या डोळ्यांसमोर एका ओळीत उभ्या राहिल्या. पहिल्या चार प्रश्नांत मी आजारीपण नाहीच्या रकान्यात टाकलं होतं आणि वरून तो रकाना चांगला ठरवला होता. बायका कशा विचारतात ते मी ऐकलं होतं. त्यांना उत्तर काय मिळतं ते ऐकायच्या आधीच मी बाकावरून उठून आले होते. मला माझीच इतकी लाज वाटली की त्या मुलीला मी नुसतं "बस" म्हटलं. वर्गाला ते नवल वाटलं.

शाळा सुटताच मी दवाखान्यात गेले. माधवनगरचा कागद काढून सिस्टरसमोर ठेवला. पहिल्या चारचा उलगडा झाला होता, रडू येत नाही हेही समजा खरं. पण शेवटचा प्रश्न तर सरळ होता. जीव नकोसा वाटतो का? नाही. तेवढाच एक आधार होता.

"सिस्टर, हिला हा शेवटचा विचारला तेव्हा कशी म्हणाली ही नाही?"

सिस्टरनं कागद जवळ ओढून बघितला. मग म्हणाली, "त्यो मी इचारतच न्हाई बाई. ओल्या बाळंतिणीला आसलं अभद्र कोण इचारंल? तितं मी सगळ्यांनाच नाही लिवते."

तिच्यावर मी काय रागावणार? चांगल्या मनानंच तिनं ते केलं होतं. मीही चांगल्या मनानंच केलं होतं.

मैत्रीण शस्त्रक्रियेतून बाहेर आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती एक शब्दही लागेल असं बोलली नाही. हात पुसत म्हणाली, "आई समोर असताना ती मुलगी बोलणार नाही. इथे नाही आणि घरीही नाही. तिच्या घरात अशी कुठली जागा आहे जिथे आई येत नाही?"

ते मला मावशीनंच सकाळी सांगितलं होतं. मला तेव्हा कळलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी मावशीबरोबर माधवनगरला गेले. पदर खोचून, पाणी ओतायला मदतीला म्हणून. मावशीनं माझी ओळख "आमची बाई हायती, शिकत्यात" अशी करून दिली आणि त्यात काही खोटं नव्हतं. बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली सासरी न्यायच्या सामानाचं बोचकं बांधून तयार होतं. आई स्वयंपाकघरात डिंक तळत होती. मावशीनं आधी बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, धुरी दिली, गुंडाळून बाहेर निजवलं. मग ती मुलगी न्हाणीत येऊन पाटावर बसली आणि मावशीनं दार लोटून घेतलं.

वाफेत आम्ही तिघीच. मावशी तिच्या पाठीला तेल चोळत होती. बाहेर बाळ रडायला लागलं. मी तिच्या मानेकडे बघत राहिले. तिच्या मानेवर पाण्याचे थेंब होते आणि ती मान भिंतीकडे होती तशीच राहिली.

माझ्याकडे कागद नव्हता. मी सरळ विचारलं, "झोप लागते का गं?"

"न्हाई."

"जेवण जातं?"

"गिळते."

"बाळाला घ्यावंसं वाटतं का?"

"घेते की. घ्याया लागतंय." थोड्या वेळानं ती म्हणाली, "त्यो रडाय लागला का शेजारच्या घरात कुणाचं तर पोरगं रडतंय आसं वाटतं."

तिच्या आवाजात रडू नव्हतं, तक्रार नव्हती. परीक्षेत आलेलं उत्तर सांगावं तसं ती सांगत होती. मला सहावा प्रश्न विचारायचा होता आणि माझी जीभ उचलत नव्हती. सिस्टरला नावं ठेवणं सोपं होतं. मी आडून गेले.

"तुझी आई सांगत होती, तुला सासरी जायची घाई झालीये. तिकडं करमतं का तुला?"

"न्हाई."

"मग कशाला जायचंय?"

"तितं गेलं का संपंल सगळं."

मावशीचा हात तिच्या पाठीवर थांबला.

"काय संपेल?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मीच," ती म्हणाली. "हितं आईच्या घरात नगं वाटतं. तिला बोल लागंल."

मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. बाहेर तिची आई डिंक तळत होती आणि मुलीला सासरची ओढ आहे म्हणून खुश होती. मी तिचा हात धरला. काय बोलावं ते मला सुचलं नाही, मराठीची बाई असून. बोलली ती मावशी. तिनं बंबातलं पाणी घंगाळात काढलं, गार पाण्याचं विसण घातलं आणि म्हणाली, "बस बाळा. घाई करू नगंस. पाणी लय हाय."

मावशीला तिच्यापाशी ठेवून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दवाखान्यात फोन केला. अर्ध्या तासात मैत्रीण स्कूटरवरून आली. मुलीशी ती न्हाणीतच बोलली. मग बाहेर येऊन आईला समोर बसवलं.

"माज्या लेकीला येड लागलंय म्हणता व्हय?" आई म्हणाली.

"नाही आई. बाळंतपणात कुणाचं अंगातलं रक्त उतरतं, कुणाचं मन उतरतं. औषध दोन्हीला आहे. पण रविवारी ती जाणार नाही आणि तिला घडीभरही एकटी सोडायची नाही."

आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "मी चोवीस तास हितंच हाय. मला कसं न्हाई कळालं?"

"मलाही नाही कळलं," मी म्हटलं, "आणि माझ्याकडे तर ते लिहून आलं होतं."

बोचकं सुटलं. मिरजेच्या मनाच्या डॉक्टरांकडे तिला त्याच दिवशी नेलं. नवरा रजा काढून आला. तो दारात चप्पल काढतानाच मला म्हणाला, "मी काय करू तेवडं सांगा, करतो." तिला लगेच बरं वाटलं असं नाही. कित्येक आठवडे गेले. मधे दोनदा तिनं औषध टाकून दिलं, एकदा आईनंच टाकायला लावलं. मावशी मात्र न्हाणं संपायचे दिवस उलटून गेले तरी रोज जात राहिली.

मी तो कागद फाडला. नव्या कागदावर एकाही प्रश्नात मी 'नाही' हा शब्द येऊ दिला नाही. रकानेही काढून टाकले आणि मोकळी जागा सोडली, बाई जे बोलेल ते तसंच्या तसं लिहायला. प्रश्न विचारायचे ते आतल्या खोलीत, आई-सासूला बाहेर बसवून. पहिला प्रश्न, करमतं का? शेवटचा तोच ठेवला. सिस्टरनं तो आधी मलाच डोळे मिटून विचारून बघितला, चार दिवस, मग उघडे ठेवून. जुन्या सगळ्या कागदांवरच्या बायकांना आम्ही परत शोधून विचारलं. कागदाच्या तळाशी मैत्रिणीनं पेन्सिलीनं दोन शब्द लिहून ठेवले होते, मान वळते?

पुढे ती मुलगी सासरी गेली. आमच्याकडे परत आली तेव्हा बाळाला गोवराची लस द्यायची होती. तिच्या अंगावर थोडं मांस चढलं होतं. सिस्टर रजेवर होती म्हणून आतल्या खोलीत कागद घेऊन मीच बसले. पोरगा खाली फरशीवर रांगत वजनकाट्याकडे निघाला होता.

"करमतं का आता?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली.

मी ते लगेच लिहिलं नाही. पेन मी उचलूनच धरलं होतं. ती पुढे काही बोलणार इतक्यात वजनकाटा खडखडला, पोरानं भोकाड पसरलं आणि तिची मान झटकन मागे वळली. वाक्य तसंच टाकून ती उठली, त्याला उचलून कडेवर घेतलं, त्याचं कपाळ चोळत परत येऊन बसली.

"हे बगा आसं," ती म्हणाली. "ह्यो करमायला येळ तर देतोय का?"

मी ते सगळं लिहून घेतलं. जागा पुरली नाही, म्हणून शेवटचे शब्द समासात लिहिले.